विंगेतला सूत्रधार

बंगळूरच्या जयनगर भागात राहणाऱ्या मराठी माणसाला यक्षगान पाहण्यासाठी किनारपट्टीवर जावे लागत नाही. उत्तर कन्नड आणि उडुपीकडील मेळे शहरात येतात आणि त्यांचे प्रयोग येथील सभागृहांतून होत असतात. मराठी नाटकाच्या संस्कारात वाढलेल्या प्रेक्षकाचे लक्ष प्रथम जाते ते वेषधारी पात्रांकडे व त्यांच्या भव्य मुकुटांकडे. पण थोड्याच वेळात ते साध्या वेषातील एका माणसावर स्थिर होते. तो रंगमंचावरच, सर्वांना दिसेल असा बसलेला असतो. त्याच्या हातात टाळ असतात आणि मद्दळे व चंडे वाजविणारे त्याच्या साथीला असतात. त्याला 'भागवत' म्हणतात. प्रसंगाची पदे तोच गातो. पात्राने केव्हा यावे आणि केव्हा जावे हे त्याच्या पदावरून ठरते. नट आपल्या उत्स्फूर्त भाषणात वाजवीपेक्षा अधिक रमला तर पुढचे पद उचलून तो त्याला आवरतो; प्रसंग रंगात आला असेल तर त्याला मोकळीकही देतो. प्रयोगाचा वेळ त्याच्या टाळांत असतो.

आधुनिक नाट्यव्यवहारात या माणसाला काय म्हणावे? तो गायक आहे, पण केवळ गायक नव्हे. दिग्दर्शक म्हणावे, तर दिग्दर्शकाचे काम पडदा उघडण्यापूर्वी संपते आणि याचे तर तेव्हाच सुरू होते. प्रयोग चालू असताना तो चालविणारा, प्रत्येक आगमन-निर्गमनावर नजर ठेवणारा, चुकले तर त्या क्षणी सावरून घेणारा माणूस आज 'रंगमंच व्यवस्थापक' या नावाने ओळखला जातो. तो विंगेत अंधारात उभा असतो आणि प्रेक्षकाला त्याचे दर्शन कधीच होत नाही. भागवताजवळ जबाबदारी आहे आणि तिच्याइतकाच अधिकारही आहे. आपल्या रंगमंच व्यवस्थापकाजवळ जबाबदारी तेवढी उरली आहे. मराठी रंगभूमीच्या इतिहासात ही फारकत कशी झाली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या पदाचे मूळ अर्थातच सूत्रधारात आहे. सूत्रधार या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते प्रसिद्ध आहेत. एका मताप्रमाणे हे सूत्र कळसूत्री बाहुल्यांची दोरी होय. दुसऱ्या मताप्रमाणे ती वास्तू बांधणाऱ्या कारागिराची मोजणीची दोरी होय. दुसऱ्या मताला नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायाचा भक्कम आधार मिळतो. नाट्यगृहाची भूमी मोजण्याचे सूत्र कापसाचे, लोकरीचे, मुंज गवताचे वा झाडाच्या सालीचे असावे आणि ते तुटणारे नसावे, असे भरतमुनी सांगतात. ते अर्ध्यावर तुटले तर स्वामीचा मृत्यू ओढवतो, तिसऱ्या भागात तुटले तर राज्यात क्षोभ होतो आणि चौथ्या भागात तुटले तर प्रयोक्त्याचा नाश होतो. यातील श्रद्धेचा भाग सोडून दिला तरी व्यवहाराचे तत्त्व उरतेच. नाट्यप्रयोग ही मोजमापावर उभी राहणारी वस्तू आहे आणि मोज चुकली तर तिची झळ सर्वांना लागते.

नाट्यशास्त्र या व्यवहाराकडे किती बारकाईने पाहते याची आणखी दोन उदाहरणे देता येतील. पूर्वरंगाची जी अंगे सांगितली आहेत त्यांपैकी पहिली नऊ पडद्याआड व्हावयाची आहेत. वाद्यांची मांडणी म्हणजे 'प्रत्याहार' आणि गायकवादकांचे आसनस्थ होणे म्हणजे 'अवतरण' यांनी त्यांचा आरंभ होतो. आज पहिल्या घंटेपूर्वी जी पूर्वतयारी चालते तिलाच शास्त्राने विधीचा दर्जा दिला होता. नाट्यमंडळाची गणना करतानाही मुनींनी सूत्रधार व नट यांच्या पंक्तीत मुकुट करणारा, अलंकार करणारा, माळा गुंफणारा, वेष सिद्ध करणारा, चित्रकार आणि रजक यांना बसविले आहे. वस्त्रे धुणारा व रंगविणारा माणूस नाट्याच्या शास्त्रग्रंथात नमूद होतो, ही गोष्ट पुढील काळाशी ताडून पाहण्यासारखी आहे.

कालिदासाने या सूत्रधाराचे एक मनोज्ञ चित्र रेखाटले आहे. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत नटीचे गीत ऐकून सूत्रधार इतका तल्लीन होतो की आज कोणते नाटक करावयाचे हेच विसरतो आणि नटीला त्याला आठवण करून द्यावी लागते. टीकाकारांनी या विस्मृतीत दुष्यंताच्या विस्मृतीची पूर्वसूचना पाहिली आहे आणि ते योग्यच आहे. परंतु रंगमंचाच्या बाजूने पाहिले तर येथे आणखीही काही दिसते. प्रयोग चालविणाऱ्याने प्रयोगात रमून जाऊ नये, कारण तो रमला की सूत्र सुटते. कालिदासाचा सूत्रधार क्षणभर प्रेक्षक झाला आणि त्याला सावरण्यासाठी दुसऱ्या कोणाला पुढे व्हावे लागले. विंगेत उभा राहणारा प्रत्येक माणूस हा धोका ओळखून असतो.

मराठी नाटकाला हा सूत्रधार मिळाला तो मुख्यतः दक्षिणेच्या वाटेने. बंगळूरची जहागीर सांभाळणारे व्यंकोजी पुढे तंजावरचे राजे झाले. त्यांचे पुत्र शाहराज १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होते. त्यांनी रचलेल्या 'लक्ष्मीनारायण कल्याण' यांसारख्या मराठी नाटकांत दाक्षिणात्य यक्षगानाच्या धर्तीचा सूत्रधार वावरतो. कोकणातील दशावतारात हेच काम 'नाईक' करीत आला आहे. लिखित संहिता नसलेल्या त्या खेळात कथा ठरते, पेटाऱ्याची पूजा होते, आणि मग नाईकाच्या गायनाच्या आधारावर पात्रे आपले संवाद जागच्या जागी रचतात. प्रयोगाचा चालक प्रेक्षकांसमोर उभा असणे ही या सर्व परंपरांची समान खूण आहे.

१८४२ साली कर्नाटकातील भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचा खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तशाच, पण अधिक सुसंस्कृत धर्तीवर मराठीत काही करावयास सांगितले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आले. या घटनेचा उल्लेख मराठी नाटकाचा जन्म म्हणून आपण नेहमीच करतो. पण त्या प्रयोगात नेमके कोणते नाते कर्नाटकाकडून आले, याचा विचार फारसा होत नाही. भाव्यांनी तेथून घेतला तो भागवत. त्यांच्या नाटकातील सूत्रधार साथीदारांसह बाजूला उभा राहून सारी पदे गाई. गणपती, सरस्वती व विदूषक यांच्यापासून देव-राक्षसांपर्यंत सर्व पात्रे त्याच्या पदांच्या अनुरोधाने येत-जात आणि संवाद बहुधा स्वतःच रचीत. लिहिलेली वस्तू होती ती सूत्रधाराच्या मुखी असलेली पदे. बाकी सारे प्रयोगात घडत असे. म्हणूनच १८५१ साली आश्रयदात्याच्या निधनानंतर राजाश्रय तुटला, तरी भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव जाता आले, आणि १८५३ साली मुंबईच्या ग्रँट रोड नाट्यगृहात प्रयोग करता आले. त्यांचे नाटक वहीत नव्हते, माणसात होते.

हे चित्र पालटले ते वही आल्यावर. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक १८६१ साली प्रसिद्ध झाले, आणि पुढच्या दोन दशकांत ज्यांना त्या काळी 'बुकिश' नाटके म्हणत ती रंगभूमीवर स्थिरावली. नाटककाराचा शब्द आता निश्चित होता आणि नटाला तो पाठ करावा लागत होता. पाठांतर आले तशी विस्मृतीही आली, आणि विस्मृतीवरचा उपाय म्हणून वही धरणारा माणूस विंगेत उभा राहिला. मराठीने त्याला प्रॉम्प्टर हे परके नाव तसेच ठेवले. भाव्यांच्या सूत्रधाराचे दोन भाग येथे प्रथम वेगळे झाले. त्याच्या कंठातील काव्य नाटककाराकडे व गायक नटाकडे गेले आणि त्याच्याजवळचे प्रयोगाचे भान विंगेत गेले. प्रॉम्प्टरने मोठ्याने बोलावयाचे नाही, दिसावयाचे नाही आणि त्याचा शब्द प्रेक्षकांपर्यंत पोहोचला तर तो दोष. ज्याच्या आवाजावर प्रयोग चालत असे त्याचा आवाज ऐकू येणे हाच आता अपराध ठरला.

संगीत नाटकाने या फारकतीला वेगळे वळण दिले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. बेळगाव भागात जन्मलेल्या आणि तेथील नाट्यव्यवहारात वावरलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांना कर्नाटकी पदांच्या चालींचा आणि पारशी मंडळींच्या थाटाचा सारखाच परिचय होता. त्यांनी पदे सूत्रधाराकडून काढून पात्रांच्या मुखी दिली. सूत्रधार नाहीसा झाला नाही; पण नांदी आणि प्रस्तावना एवढेच त्याचे क्षेत्र उरले. पडद्यामागे निघून गेल्यावर प्रयोगाशी त्याचा संबंध संपत असे. इतिहासात या बदलाचे स्वागत यथार्थपणे झाले आहे, कारण त्यामुळे मराठी नाटकाला भाऊराव कोल्हटकर आणि पुढे बालगंधर्व लाभले. परंतु त्याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. प्रयोगाच्या वेळेवरचा अधिकार आता नटाच्या गळ्याकडे आणि प्रेक्षकांच्या 'वन्स मोअर'कडे गेला. यक्षगानात नटाने किती रंगावे हे भागवत ठरवितो. संगीत नाटकात ते पिटातील आणि गॅलरीतील रसिक ठरवू लागले, नाटके पहाटेपर्यंत चालू लागली, आणि घंटा देणारा माणूस हातावर हात ठेवून उभा राहिला.

तरीही मंडळ्यांच्या या युगात व्यवस्थापक हा सामान्य माणूस नव्हता. नाटक मंडळी म्हणजे एक फिरते गाव असे. तिचे बिऱ्हाड, कोठी, आचारी, पडदे रंगविणारे, बत्त्या सांभाळणारे, कपड्यांच्या ट्रंका, रेल्वेचे डबे, नाट्यगृहाचे भाडे, हस्तपत्रके, कर्जदार आणि धनको या साऱ्यांचा योग जो जमवी तो मंडळीचा व्यवस्थापक. शंकर बापूजी मुजुमदार हे याचे ठळक उदाहरण आहे. 'शाकुंतला'च्या आरंभीच्या प्रयोगांत ते शकुंतलेच्या भूमिकेत होते. पुढे ते किर्लोस्कर मंडळीचे व्यवस्थापक झाले. त्यांनी अण्णासाहेबांचे चरित्र लिहिले आणि 'रंगभूमी' हे मासिक चालविले. आपल्या नाट्यव्यवहाराचे जतन करण्याचा आरंभीचा प्रयत्न एका व्यवस्थापकाच्या हातून व्हावा, हा योगायोग नव्हे. पडदे कोणत्या गावी किती फाटले आणि कोणत्या नाटकाने कोणत्या गावी किती दिवस भाडे भरून काढले, हे ज्याला ठाऊक असते त्याला इतिहासाचे महत्त्व आपोआप कळते. आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचा 'मराठी रंगभूमी' हा १९०३ सालचा ग्रंथही मंडळ्यांचा इतिहास सांगतो. नाटककारांच्या अनुक्रमाने इतिहास लिहिण्याची रीत आपल्याकडे नंतर रूढ झाली आणि तिने व्यवस्थापकाला तळटीपेतही जागा ठेवली नाही.

या युगातही अधिकार आणि जबाबदारी यांचा मेळ टिकला नाही. मंडळ्यांच्या फाटाफुटी पाहिल्या तर त्यांमागे बहुधा एकच प्रश्न आढळतो. मंडळी कोणाची? मालकाची, प्रमुख नटाची, की ती चालविणाऱ्याची? १९०८ साली हुबळीत केशवराव भोसले यांनी 'ललितकलादर्श'ची स्थापना केली, तेव्हा गायक नट स्वतःच मालक झाला. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व मंडळी काढली. तेथे वैभवाला सीमा नव्हती आणि कर्जालाही. बोडसांचे 'माझी भूमिका', चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी', वरेरकरांचे 'माझा नाटकी संसार' ही आत्मचरित्रे याच दृष्टीने पुन्हा वाचावीत. नटाच्या यशाइतकाच त्यांत हिशेबाचा, प्रवासाचा आणि ऐनवेळी उभ्या राहणाऱ्या अडचणींचा इतिहास आहे.

कायद्यानेही या माणसाची दखल घेतली, पण ती शिक्षेपुरती. १८७६च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने आक्षेपार्ह प्रयोग बंद करण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि मनाई झालेला प्रयोग करणाऱ्या नटाबरोबरच तो चालविण्यास साहाय्य करणाऱ्यालाही शिक्षेस पात्र ठरविले. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या 'कीचकवध' या नाटकावर १९१० साली बंदी आली. त्या घटनेचा विचार करताना नाटककाराच्या धैर्याबरोबर, असा प्रयोग गावोगावी उभा करणाऱ्या अनाम माणसांनी पत्करलेली जोखीमही लक्षात घ्यावयास हवी.

वास्तववादी नाटकाच्या आगमनाबरोबर विंगेतील कामाचे स्वरूप आमूलाग्र बदलले. १९२०च्या दशकात 'ललितकलादर्श'ने वरेरकरांच्या नाटकांसाठी पु. श्री. काळे यांच्याकडून वास्तवसदृश देखावे करून घेतले. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. रंगविलेल्या राजवाड्याचा पडदा खाली सोडणे हे एका खुणेचे काम होते. बैठकीच्या खोलीत मात्र दाराची कडी वाजली पाहिजे, चहाचा पेला तबकात असला पाहिजे आणि पत्र वाचावयाचे तर ते पात्राच्या खिशात असले पाहिजे. देवाचा मुकुट विसरला तर प्रेक्षक हसतो आणि सोडून देतो. पण गृहस्थाच्या खिशात पत्र नसेल तर नाटक थांबते. वास्तवाचा आभास जितका वाढला तितकी तो निर्माण करणाऱ्याच्या स्मरणशक्तीवरची भिस्त वाढली. दिग्दर्शक या पदाला आपल्याकडे प्रतिष्ठा आली ती याच काळात. पण दिग्दर्शकाने तालमीत ठरविलेले प्रत्येक प्रयोगात तसेच घडावे याची हमी घेणारा माणूस श्रेयनामावलीत शेवटच्या ओळीत राहिला.

बोलपट आले, मंडळ्या मोडल्या, आणि निरनिराळ्या नटांना कंत्राटावर एकत्र करून प्रयोग करण्याची पद्धत रूढ झाली. तिने जुन्या व्यवस्थापकाचे दोन तुकडे केले. एक तारखा मिळविणारा, नाट्यगृह ठरविणारा, तिकीट-विक्रीचा हिशेब ठेवणारा. दुसरा नेपथ्य लावून घेणारा, रंगपटात वर्दी देणारा, घंटा वाजविणारा. यातील पहिल्याला मराठी जाहिरातींनी जे नाव दिले ते विचार करण्यासारखे आहे. ते नाव 'सूत्रधार' हेच होय. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, संगीत, प्रकाश यांच्या ओळी संपल्या की 'सूत्रधार' म्हणून एक नाव येते. भरतमुनींचा शब्द हिशेबाच्या वहीपाशी येऊन थांबला. याच शब्दाचा वृत्तपत्रीय उपयोग तर कटाचा कर्ता दाखविण्यासाठी होतो. 'नेपथ्य' या शब्दाचेही असेच झाले. संस्कृतात तो पडद्यामागची जागा आणि वेषभूषा दाखवी. मराठीत तो पडद्यापुढच्या देखाव्याला लागला. ज्या जागेला नाव होते ती जागा अनामिक झाली आणि त्या जागेत काम करणारा माणूसही.

कंत्राटी रंगभूमीने या माणसांकडून कोणते कौशल्य मागितले याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'तो मी नव्हेच'. आचार्य अत्रे यांचे हे नाटक मो. ग. रांगणेकरांच्या दिग्दर्शनाखाली ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत प्रथम झाले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आणि त्याची इतर रूपे, अशा पाच भूमिका प्रभाकर पणशीकर करीत. न्यायालय आणि पूर्वघटना यांचे प्रवेश फिरत्या रंगमंचावर एकामागून एक येत. प्रेक्षकांना दिसे तो पणशीकरांचा अभिनय आणि त्याचे कौतुक सर्वस्वी रास्तच होते. पण रंगमंच फिरत असताना एक वेष उतरून दुसरा चढविणे, पगडी, टोपी, दाढी, चष्मा या वस्तू हाताशी असणे आणि दुसऱ्या बाजूला पुढचा देखावा उभा असणे हे सारे मोजक्या क्षणांत घडवून आणणाऱ्या माणसांचेही ते एक समांतर नाटक होते. पाच रूपे एका नटाची खरी. पण ती रूपे वेळेवर पोहोचविणारे हात अनेक होते.

व्यवस्थापनाला अधिकाराची जोड मिळाली तर काय साधते हेही याच काळात दिसले. 'दि गोवा हिंदू असोसिएशन'च्या कलाविभागाने 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) आणि 'नटसम्राट' (१९७०) ही नाटके केली. त्या संस्थेच्या कारभारामागे रामकृष्ण नायक यांची दृष्टी होती आणि ती केवळ तारखा मिळविण्याची नव्हती. नाटकाची निवड, कलावंतांशी वर्तन आणि पैशाचा विनियोग यांत व्यवस्थापकाचा शब्द विचारात घेतला जाणे ही तेथील रीत होती. सामाजिक कार्यकर्त्यांना साहाय्य करण्याच्या उपक्रमातही नायक पुढे होते. नाट्यव्यवस्थापन हे एक सांस्कृतिक कर्तव्य असू शकते, हे त्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

दरम्यान साहित्यात एक विलक्षण गोष्ट घडत होती. विंगेत गेलेला माणूस पात्र होऊन रंगमंचावर परत येत होता. थॉर्नटन वाइल्डर यांच्या 'अवर टाउन' (१९३८) या अमेरिकन नाटकात स्टेज मॅनेजर हेच प्रमुख पात्र आहे. जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर तो गावाची ओळख करून देतो, लहानसहान भूमिका स्वतः करतो आणि शेवटी प्रेक्षकांना घरी पाठवितो. भारतीय वाचकाला त्यात आपला सूत्रधार दिसल्यावाचून राहत नाही. १९६७ साली रंगायनने केलेल्या तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाचा सारा व्यवहार खऱ्या प्रयोगापूर्वीच्या रिकाम्या वेळात घडतो. परगावचे सभागृह, न आलेला नट, त्याच्या जागी उभा केलेला स्थानिक माणूस सामंत, ही सारी व्यवस्थापकाची नित्याची संकटे आहेत. तेंडुलकरांनी त्यांतून एका स्त्रीच्या छळाचे नाटक उभे केले. गिरीश कार्नाड यांच्या 'हयवदन' (१९७१) मध्ये भागवत नाटक सुरू करू पाहतो, तोच भयभीत झालेला एक नट धावत येतो आणि आरंभच विस्कटतो. माथेरानला जन्मलेल्या आणि शिरसीत नाटक मंडळ्या व यक्षगान दोन्ही पाहत वाढलेल्या कार्नाडांना ठाऊक होते की प्रयोगाचे खरे नाट्य कित्येकदा तो सुरू करण्याच्या धडपडीतच असते. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात 'घाशीराम कोतवाल' आले, आणि सूत्रधार पुन्हा एकदा प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिला.

या पुनरागमनाचे समीक्षेने भरघोस स्वागत केले. मात्र पात्ररूप सूत्रधाराविषयी आपण प्रबंध लिहिले आणि विंगेतल्या खऱ्या सूत्रधाराची वही रद्दीत जाऊ दिली. 'घाशीराम'मधील माणसांची भिंत मराठी रंगभूमीच्या अविस्मरणीय प्रतिमांपैकी एक आहे. छापील संहिता वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ती थोडक्या सूचनांतून कल्पावी लागते. ती केव्हा जुळते, केव्हा फुटते, कोणत्या पावलावर वळते याचे ज्ञान नटांच्या देहात आणि प्रयोग चालविणाऱ्याच्या वहीत असते. देह थकतात, आणि वही जपून ठेवण्याची आपल्याला सवय नाही. ब्रेश्ट यांनी याच गरजेतून आपल्या प्रयोगांचे 'नमुना-ग्रंथ' सिद्ध केले होते. १९४८च्या त्यांच्या 'अँटिगनी'चा असा ग्रंथ छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. इंग्रजी रंगभूमीवर तर शेक्सपियरच्या नाटकांच्या प्रॉम्प्ट-प्रतींची वर्णनात्मक सूची चार्ल्स शॅटक यांनी १९६५ साली ग्रंथरूपाने दिली, आणि त्यावरून कोणत्या काळात कोणता प्रवेश गाळला गेला, कोणत्या शब्दावर दिवा मंदावला, याचा इतिहास लिहिणे शक्य झाले.

अशा प्रतीत काय असते हे साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी पाहावे. डाव्या पानावर संवाद, समोर खुणा. येथे प्रकाश उतरतो, येथे बाहेरून हाक, येथे पात्र उजवीकडून डावीकडे. हे वाक्य गाळले, येथे नट अमुक शब्द बोलतो. पहिला अंक किती मिनिटांत संपला. एका नाटकाच्या पन्नासाव्या आणि पाचशेव्या प्रयोगाची अशी प्रत शेजारी ठेवली तर प्रेक्षकांनी त्या नाटकाचे काय केले हे कळेल. कोणत्या विनोदाने मूळ धरले, कोणते स्वगत आखूड होत गेले आणि कोणत्या वाक्यावर परिनिरीक्षणाची कात्री फिरली, हे सारे तेथे नोंदलेले असते. संहिता नाटककाराचा हेतू सांगते आणि परीक्षण एका रात्रीची प्रतिक्रिया सांगते. नाटक वर्षानुवर्षे कसे जगले याचा पुरावा या वहीखेरीज अन्यत्र मिळणे कठीण. ८ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले, तेव्हा एका वास्तूसाठी महाराष्ट्र हळहळला आणि ते स्वाभाविकच होते. वह्यांना मात्र आग लागण्याचीही गरज पडत नाही. घर बदलताना त्या जातात.

जयनगरच्या दक्षिणेस लागूनच असलेल्या जे. पी. नगरात 'रंग शंकरा' हे नाट्यगृह २००४ साली सुरू झाले. शंकर नाग यांच्या स्मरणार्थ ते अरुंधती नाग यांनी उभे केले. शंकर व अरुंधती या दोघांच्या नाट्यजीवनाचा आरंभ मुंबईच्या रंगभूमीवर झाला आणि त्यात मराठी रंगभूमीचा वाटा मोठा होता. वेळ झाली की तेथे दारे बंद होतात आणि उशिरा येणाऱ्याला आत प्रवेश मिळत नाही, मग तो कोणीही असो. मराठी नाट्यगृहातील तिसऱ्या घंटेनंतरचा गोंधळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा नियम प्रथम कठोर वाटतो. पण विचार करता ध्यानात येते की या नियमाने प्रयोगाची वेळ नटाच्या, निर्मात्याच्या वा प्रतिष्ठित पाहुण्याच्या हातून काढून ती प्रयोग चालविणाऱ्याच्या हाती परत दिली आहे. भागवताच्या टाळांत जो अधिकार होता त्याचाच हा एक अंश.

सूत्रधाराला पुन्हा रंगमंचावर आणून बसवावे असे कोणी म्हणणार नाही. अंधारात उभे राहणे हा आता त्याच्या कामाचा धर्म आहे आणि न दिसण्यात त्याला कमीपणाही वाटत नाही. अपेक्षा आहे ती इतिहासकाराकडून आणि ग्रंथालयांकडून. नाटकांच्या छापील प्रतींच्या शेजारी एखादे कपाट या वह्यांसाठी ठेवावे. नाट्यसंस्थांनी शंभरावा प्रयोग साजरा करताना त्या प्रयोगाची प्रत एखाद्या विद्यापीठाकडे सोपवावी. विद्यार्थ्याने नाटककारावर प्रबंध लिहिताना त्या नाटकाची घंटा देणाऱ्याला एकदा गाठून विचारावे की छापील पुस्तकात नसलेले काय काय तेथे घडत होते. नाट्यशास्त्राने रजकाचेही नाव घेतले होते. आपल्या नाट्येतिहासाने प्रयोगाचे सूत्र हाती धरणाऱ्याचे नाव घ्यावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.